दारूबंदीच्या जिल्ह्यातला पोट्टा अन् सेव्हियाची रात

स्पेनहून गावात आल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न आहे. कोर्स कसा झाला, ओलिताचं तिकडं काय नवीन पाहिलं, हे कोणी विचारत नाही. पानठेल्यावर बसलो की पोट्टे जवळ सरकतात, आवाज बारीक करतात अन् विचारतात, "तिकडं नाइटलाइफ कसं असते बे?" त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आमचा जिल्हा गडचिरोली, १९९३ पासून दारूबंदी. वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा, तिथंही २०१५ ते २०२१ बंदीच होती, म्हणजे आमच्या ऐन कॉलेजच्या दिवसांत नदीच्या दोन्ही थड्या कागदावर कोरड्या. कागदावर म्हटलं, मोहफुलाचं काय चालते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी जास्त लिहीत नाही, माझी बहीण हे वाचते अन् आईला वाचून दाखवते.

तर खरं सांगतो. माझी तिथली सगळ्यात भारी रात कोणत्या डिस्कोतली नाही. एका अरुंद गल्लीत पोलिसांच्या लोखंडी कठड्याला टेकून काढलेली रात आहे ती, हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी, मोबाइल मेलेला, दोस्त हरवलेले, अन् समोरून उंच टोकदार टोप्या घातलेले शेकडो लोक मेणबत्त्या घेऊन चुपचाप चाललेले. एवढं सांगितलं की पोट्ट्यांचे चेहरे पडतात. एक जण तर म्हणाला, "हे तर सप्त्यातही होते, त्याच्यासाठी इमानाचं तिकीट कायले काढलं?" म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहून टाकतो, पुन्हा पुन्हा सांगायचा कंटाळा आला.

गाव म्हणजे स्पेनमधलं सेव्हिया. अक्षरं पाहून मी पहिल्यांदा सेविल्ला म्हणायचो, लोक हसायचे. मी एका वर्षासाठी होतो. आमच्या फ्लॅटात चौघं, मी, एक पोलंडचा, एक मेक्सिकोचा अन् चौथा तिथलाच, खास सेव्हियाचा. हा चौथा महत्त्वाचा. दिसायला साधा, दिवसभर झोपाळू, पण गावच्या देवांचा विषय निघाला की डोळे मोठे व्हायचे. आपल्याकडं नाही का एखादा असते, एरवी कामाला हात लावत नाही पण गणपती आला की पंधरा दिवस घरी जात नाही, तसा.

नेहमीचं नाइटलाइफ आधी उरकतो, नाहीतर तुम्ही खाली खाली सरकवत तेच शोधाल. तिथं लोक रात्री दहाला जेवायला बसतात. मी धानाच्या गावचा, आठला जेवून नऊला झोपणारा, पहिला महिनाभर मला दहा वाजता भूक मरून झोप यायची. जेवणही एका जागी बसून नाही, या बारात दोन घास, त्या बारात दोन घास, सोबत एवढासा बिअरचा ग्लास, आपल्या चहाच्या कटिंगसारखा, गरम व्हायच्या आत संपला पाहिजे म्हणून लहान. आलामेदा नावाचा मोठा चौक आहे, तिथं बारा-एकपर्यंत सगळी पोट्टे-पोट्टी उभी राहून बोलत असतात. हो, नुसती बोलत असतात. रस्त्यावर बाटल्या घेऊन बसणं तिथं कायद्यानं बंद आहे, लोक बसतात ते वेगळं, पोलीस आले की पांगतात, म्हणजे आपलंच. डिस्को दोनला भरायला लागते. आम्ही एकदा गेलो तर दारावरच्या पैलवानानं माझ्या पायातले बूट पाहिले अन् मान हलवली. खेळायचे बूट चालत नाहीत म्हणे. बाकीचे तिघं आत, मी बाहेर, शेवटी तेही माझ्यासाठी बाहेर आले अन् आम्ही पहाटे चुरोस म्हणजे तळलेल्या शेवेच्या जाड भावासारखं काहीतरी घट्ट चॉकलेटात बुडवून खाल्लं. झालं नाइटलाइफ. दुसऱ्यांदा आत गेलो तर कानात दडे बसले अन् मी सोफ्यावर झोपलो, त्याचा फोटो मेक्सिकोवाल्याकडं आहे, तो इथं येणार नाही.

खरी गोष्ट जानेवारीत सुरू झाली. रात्री अकराच्या सुमारास खिडकीखालून आवाज यायचा, खूप सारे पाय एका तालात जमिनीवर घासत चालल्यासारखा. ख्स्स, ख्स्स, ख्स्स. वाकून पाहिलं तर एक भलामोठा लाकडी सांगाडा गल्लीतून चाललेला, वर देव नाही, फुलं नाहीत, नुसतं वजन ठेवलेलं, अन् खाली माणसं. ही म्हणे प्रॅक्टिस. सेमाना सांता म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, त्यात साठेक मंडळं, तिथल्या भाषेत एर्मानदाद, आपापल्या चर्चमधून देव घेऊन मोठ्या कॅथेड्रलपर्यंत जातात अन् परत येतात. देव ज्याच्यावर बसतो त्या चौरंगाला पासो म्हणतात. टनाच्या वर वजन. चाकं नाहीत. तीस-चाळीस जण आत शिरून मानेवर उचलतात, चारी बाजूंनी कापड सोडलेलं असते म्हणून बाहेरून फक्त त्यांच्या चपला दिसतात. त्यांना कोस्तालेरो म्हणतात, अन् आमचा झोपाळू चौथा त्यातला एक निघाला.

त्यानं मला एका रात्री सोबत नेलं. तिथं जे पाहिलं ते मी आमच्या वाड्यात सांगितलं तेव्हा सगळ्यांना एकदम कळलं, एवढं दुसरं काहीच कळलं नाही. आधी उंची मापतात. मुकादम, त्याला कापाताझ म्हणतात, तो सगळ्यांना ओळीत उभं करतो अन् मानेचं ते मागचं हाडूक, जे वाकलं की वर येते, तिथपर्यंतची उंची जुळवतो, एका आडव्या लाकडाखाली सारख्याच उंचीचे पाहिजेत, नाहीतर एकाच्या मानेवर सगळं वजन अन् दुसरा फुकट चालते. माझा चुलतभाऊ लगेच म्हणाला, "म्हंजे बैलजोडी जुळवल्यावानीच झालं गा." तेच. अन् डोक्याला गोणपाटाच्या कापडाची गुंडाळी बांधतात, मानेवर जाडसर वळकटी येईल अशी, दुसऱ्यानं ताणून बांधून द्यावी लागते. मी ते पाहून हसलो, त्याला वाटलं मी त्याची मजा उडवून राह्यलो. मी म्हटलं नाही रे बाबा, ही चुंबळ आहे, माझी आई धानाचे भारे वाहते तेव्हा डोक्यावर लुगड्याची हीच ठेवते. त्यानं मला आईचा फोटो दाखवायला लावला, मोबाइलमध्ये भाऱ्यासोबतचा एक होता, तो त्यानं बाकीच्या वीस-पंचवीस दणकट पोरांना दाखवला अन् सगळ्यांनी चुंबळ निरखून पाहिली. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मले विचारल्याबिगर फोटो कायले दाखवला, केस तरी विंचरले होते का माहे?"

मी एकदा आत शिरून पाहिलं, प्रॅक्टिस संपल्यावर, सांगाडा जमिनीवर होता तेव्हा. अंधार, घामाचा वास, दिसत काहीच नाही. ही माणसं पूर्ण रस्ता काहीच पाहत नाहीत. बाहेरून मुकादम बोलतो, डावीकडं, थोडं मागं, थांबा. समोर एक धातूचा ठोकळा असते, तो दाराच्या कडीसारखा ठोकतात, ठक, ठक, ठक, अन् शेवटच्या ठोक्याला सगळे एकाच झटक्यात उभे. ते उभं राहणं पाहिलं की अंगावर काटा येते. वरचा देव एकदम हवेत उडी मारून खाली बसल्यासारखा दिसते.

आठवडा सुरू होतो पाम संडेपासून. त्या दिवशी अंगावर एक तरी गोष्ट नवी पाहिजे, नाहीतर हात गळून पडतात अशी तिथं म्हण आहे. मी नवे मोजे घेतले. बाकी सगळे सूटबुटात, दोन-दोन वर्षांची पोरंसुद्धा, अन् मी मोजे दाखवत फिरतो. शहरभर कडू संत्र्यांची झाडं रस्त्याच्या कडेनं, त्या दिवसांत ती फुललेली असतात, तो गोड वास अन् धुपाचा वास मिसळते. नागपूरच्या संत्र्यांवर मोठा झालेला माणूस मी, पण मला तो वास तिथं पहिल्यांदा नीट कळला, कारण आपण संत्रं खायला जातो, फुलाच्या वेळी बागेत कोण जाते.

मंगळवारी आमच्या चौथ्याचा नंबर होता. विद्यार्थ्यांचं मंडळ, नावच एस्तुदियान्तेस, ते सरळ युनिव्हर्सिटीतून निघते. युनिव्हर्सिटीची मुख्य इमारत म्हणजे जुना तंबाखूचा सरकारी कारखाना, अठराव्या शतकातला, प्रचंड. तिथल्या क्रूसावरच्या येशूची मूर्ती हुआन दे मेसा नावाच्या कारागिरानं १६२० साली कोरलेली. आपला शिवाजी महाराजांच्याही जन्माच्या आधीची मूर्ती, अन् ती दरवर्षी रस्त्यावर आणतात, काचेत ठेवत नाहीत. आम्ही तिघं बाहेर चार तास उभे, फक्त चपलांवरून आपला दोस्त ओळखायचा प्रयत्न करत. पोलंडवाला प्रत्येक पायाकडं बोट दाखवून म्हणायचा तोच तो. नंतर कळलं की त्या वेळी त्याची बदली होऊन तो मागं पाणी पीत होता.

इथं मेणाची गोष्ट सांगतो, पुढं लागणार आहे. त्या टोकदार टोपीवाल्यांना नाझारेनो म्हणतात. पहिल्यांदा पाहून मी दचकलो होतो, इंग्रजी सिनेमात वाईट लोक तशा टोप्या घालतात ना, पण इकडं ती प्रायश्चित्ताची टोपी आहे, कोण आहे ते कोणाला कळू नये म्हणून तोंड झाकलेलं, अन् ही चाल त्या अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लान टोळीच्या कितीतरी आधीची. प्रत्येकाच्या हातात लांब जाड मेणबत्ती. रस्त्याच्या कडेला लहान पोरं चांदीच्या कागदाची गोळी घेऊन उभी राहतात, नाझारेनो थांबला की गोळी पुढं करतात, तो मेणबत्ती तिरपी करून वितळलेलं मेण त्यावर टाकतो. गोळी फिरवत राहायची, थर चढत जातो. आमच्या खालच्या मजल्यावरची सहा-सात वर्षांची पोट्टी या कामात उस्ताद, तिच्याकडं मागच्या वर्षांचाही गोळा होता, नारळाएवढा. तिनं मला गोळी बनवून दिली अन् दम भरला की गरम असताना दाबायचं नाही. मी आठवडाभर तिच्या शेजारी उभा राहून मेण मागितलं. दाढीवाला माणूस लहान पोरांच्या रांगेत. नाझारेनोंचे फक्त डोळे दिसतात, पण ते हसून राह्यले हे डोळ्यातही कळते. शनिवारपर्यंत माझा गोळा कवठाएवढा झाला, वेगवेगळ्या मंडळांच्या मेणबत्त्यांचे रंग वेगळे, त्यामुळं त्यावर पट्टे.

आता ती रात. गुरुवार संपून शुक्रवार लागतो ती, मद्रुगा म्हणतात तिला. सहा मंडळं रात्रभर फिरतात. गुरुवारी संध्याकाळपासून बाया काळ्या साड्यांसारख्या, म्हणजे काळे झगे अन् डोक्यावर काळी जाळीदार ओढणी उंच कंगव्यावर खोचून, अशा फिरतात. चौथ्यानं आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की २०२४ ला पावसानं अख्खी मद्रुगा गेली, सहापैकी एकही मंडळ निघालं नाही अन् चर्चच्या आत मोठमोठे बाप्ये रडले. त्यामुळं तो संध्याकाळपासून दर दहा मिनिटांनी आभाळ पाहत होता. मृगात आमचे बाबा पाहतात तसा, फक्त उलट्या इच्छेनं.

एकाच्या सुमारास पहिलं मंडळ आलं, त्याला लोक सिलेन्सिओच म्हणतात, शांतता. ढोल नाही, ताशा नाही. हजारो माणसं रस्त्यात अन् कोणी खोकत नाही. मी आयुष्यात एवढी चूप गर्दी पाहिली नव्हती, आपल्याकडं दहा माणसं जमली की भोंगा लागतो. त्याच्या मागं ग्रान पोदेर, खांद्यावर क्रूस घेऊन चाललेला येशू, तोही १६२० चा अन् त्याच कारागिराचा. त्याला तर अजिबात संगीत नाही. अन् त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला, जानेवारीत खिडकीखालून यायचा तो. ख्स्स, ख्स्स. चाळीस माणसांच्या चपला घासण्याचा. मूर्ती अशी बनवलेली आहे की पाय पुढं टाकलेला आहे, अन् खालच्या लोकांच्या चालीनं तिचा झगा हलते, म्हणजे अगदी खरंच माणूस चालून राह्यला असं दिसते, वाकलेला, थकलेला. शेजारची म्हातारी त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती, विनवणी नाही, घरातल्या माणसाला दिवसभराचं सांगावं तसं.

मग मी चूक केली. लघवीला जातो म्हणून निघालो अन् परत येताना एक मिरवणूक मधे आली. ती ओलांडता येत नाही, पोलीस कठडे लावतात, अन् मिरवणूक म्हणजे दोन-दोन हजार नाझारेनो, तास-तासभर जाते. मी या बाजूला, दोस्त त्या बाजूला, मोबाइल चार टक्क्यांवर होता तो पाहता पाहता गेला. काही भागातले बार त्या रात्री लवकर बंद करायला लावतात, पूर्वी २००० साली अन् पुन्हा २०१७ ला याच रात्री अचानक पळापळ होऊन लोक तुडवले गेले होते म्हणून काळजी घेतात, त्यामुळं आत जाऊन बसायची सोय नाही. स्पॅनिश माझी बाजारापुरती. थंडी. खिशात एक सूर्यफुलाच्या बियांची पुडी, तिथं सगळे त्या फोडत असतात, टरफलांचा सडा पडतो. काय करता, उभा राहिलो.

अन् तिथं उभ्या-उभ्या मजा यायला लागली. माझ्या डावीकडं एक काकाजी होते, सूट घातलेले, त्यांनी विचारलं कुठला, मी म्हटलं इंडिया, त्यांनी पिशवीतून डबा काढला अन् एक तोरिखा दिली. पाव दुधात भिजवून, अंड्यात बुडवून तळून मधात टाकतात, घरोघरी या आठवड्यात करतात. हात चिकट, मधाचा घट्ट वास, रात्रीचे साडेतीन. मग लांबून ढोल अन् कर्णे वाजले अन् गर्दीचा नूरच पालटला. आधी रोमन सैनिक आले, खरेच, चिलखत घातलेले, शिरस्त्राणावर पांढऱ्या पिसांचे मोठाले तुरे, आपल्या दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, राजा येतो तसे, पण शेकड्यानं. मग मकारेना, म्हणजे येशूची आई. मेणबत्त्यांची भिंतच चालत आल्यासारखी, त्यामागं तिचा चेहरा, गालावर काचेचे अश्रू. तिच्या छातीवर हिरव्या खड्यांची पाच फुलं आहेत, होसेलितो नावाच्या बैलांशी लढणाऱ्या नामी गड्यानं दिलेली, अन् १९२० मध्ये तो बैलाच्याच शिंगानं मेला तेव्हा लोकांनी देवीला सुतकाचे काळे कपडे घातले होते. हे काकाजींनी मला खाणाखुणा करून सांगितलं, निम्मं मी नंतर चौथ्याकडून पक्कं केलं.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एका बाईनं गायला सुरुवात केली. पासो थांबला, बँड थांबला. साएता म्हणतात, बिनावाद्याची, एकटीनं, देवीच्या तोंडाकडं पाहत, एकेक अक्षर ओढून ओढून. शब्द एक कळला नाही. आवाज फाटलेला होता, गोड नव्हता, अन् म्हणूनच चांगला होता. संपलं तशी ठक, ठक, ठक, अन् देवी हवेत उडाली अन् सगळी गर्दी ओरडली, ग्वापा, ग्वापा! म्हणजे देखणी, सुंदर. मीही ओरडलो. काकाजींनी पाठीवर थाप मारली.

आजीला हे सांगितलं तेव्हा तिनं थांबवलं. "ते माय रडून राह्यली म्हनते ना तू, पोरगा मेला म्हनून?"

"हाव."

"मंग रडत्या बाईले देखनी देखनी काहून म्हनतेत?"

मला उत्तर येईना. आजीनंच सुपातले तांदूळ पाखडत दिलं, "समजोत असतीन. दुसरं काय बोलनार मानूस." बैलवाल्याचं मात्र तिला पटलं नाही. पोळ्याला ज्याच्या खांद्याला तूप-हळद लावायची त्याला तलवारीनं मारणारा गडी, अन् त्यानं दिलेले दागिने देवीच्या अंगावर, हे कसं काय. मीही तिथं बैलांची ती झुंज पाहायला गेलो नाही, दोस्तांनी लय आग्रह केला होता.

सकाळी साडेसातच्या सुमारास उजाडायला लागलं तेव्हा मी पुलाकडं चालत गेलो, ठरलं होतं की हरवलो तर पुलावर भेटायचं. नदीपलीकडं त्रियाना, तिथल्या लोकांची देवी वेगळी, तीही मकारेनासारखी एस्पेरान्साच, म्हणजे आशा, अन् मकारेनावाल्यांशी त्यांची जन्माची चुरस, कोणाची जास्त देखणी म्हणून. आमच्याकडं वडसा अन् ब्रम्हपुरी या दोन गावांतही नदी आडवी आहे, नदी आली की चुरस आलीच. पुलावर तिघं बसलेलेच होते, पोलंडवाला उघड्या तोंडानं झोपलेला, त्याच्या सूटवर मेणाचे थेंब. कोणी मला शिव्या दिल्या नाहीत, चौथ्यानं फक्त विचारलं, "तुला कोण दिसली?" मी म्हटलं मकारेना, साएता पण. तो त्रियानाचा. त्याचं तोंड बारीक झालं.

मकारेना शुक्रवारी दुपारपर्यंत आपल्या वस्तीत फिरत राहते, आम्ही घरी जाऊन पडलो. पुढचे कितीतरी दिवस रस्त्यावर सांडलेल्या मेणामुळं गाड्यांची चाकं वळणावर च्यूंऽऽ करून वाजायची, लग्न होऊन गेलं तरी दारात मांडवाचे खड्डे राहतात तसं.

दोन-तीन आठवड्यांनी फेरिया, ती सांगायला सोपी, कारण तिथं खरंच पिणं अन् नाचणं आहे. पिवळ्या मातीचं मोठं मैदान, हजारावर तंबू, प्रत्येक तंबूत एक खानदान किंवा दोस्तांची टोळी किंवा युनियन. दारावर माणूस उभा, ओळख असेल तर आत. काही तंबू सगळ्यांसाठी खुले असतात, आम्ही आधी त्यात, मग चौथ्याच्या मावशीच्या तंबूत. शेरीसारखी पांढरी वाइन अन् लिंबाचा सोडा एकत्र करून जगमध्ये देतात, रेबुखितो, सरबतासारखं लागते अन् तिथंच घात होते. मी दोन ग्लासात सेव्हियानास नाचायला लागलो, चार भागांचा नाच, हात वर करून जणू झाडावरचं फळ तोडायचं, खायचं अन् फेकायचं, असं मावशीनं शिकवलं. ठिपक्यांचे झालरवाले झगे घातलेल्या बाया, सत्तरीच्याही, पहाटे चारला पायाचा ठेका न चुकता. बस झालं, फेरियावर एवढंच.

एक मात्र राहिलं. ही फेरिया १८४७ साली सुरू झाली ती बैल-घोड्यांचा बाजार म्हणून. जनावरं विकायला आलेले लोक तंबू टाकून राहायचे, रात्री खायचे-प्यायचे, हळूहळू जनावरं गेली अन् तंबू राहिले. हे पानठेल्यावर सांगितलं तेव्हा पहिल्यांदा सगळे गप्प ऐकत होते. कारण आपल्याकडची मंडई पण काय आहे. दिवाळी झाली, गायगोधन झालं, की गावोगाव मंडई, दिवसा बाजार अन् दंडार, पाहुण्यांनी घरं भरलेली, सोयरिकीच्या गोष्टी, अन् रात्री नाटक. मधे कोर्टाच्या बंदीत सापडलेला अन् २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बिनघोर झालेला शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत. त्याला लागून पुन्हा नाटक. वडशाला नाटक मंडळ्यांची ऑफिसं, तिथून बुकिंग, अन् होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, रात्री अकराला पडदा उघडतो तो पहाटेच पडतो. अकोल्याला हॉस्टेलवर असताना मी हे कोणाला सांगायचो नाही, कोणी विचारलं गावाकडं काय असते तर म्हणायचो काही नाही. लाज वाटायची का काय माहीत. सेव्हियातल्या डॉक्टर-वकिलांना गल्लीतल्या देवीसाठी रडताना पाहिलं नसतं तर अजूनही सांगितलं नसतं बहुतेक.

या दिवाळीला मी आठ वर्षांनी आमच्या मंडईचं पूर्ण नाटक पाहिलं. आई, आजी, मी, चुलतभाऊ, पानठेल्यावरचे तिघं, ताडपत्रीवर चवाळं टाकून. त्याआधी घरी एक भांडण झालं होतं. मी तो मेणाचा गोळा जपून आणला होता अन् कपाटात ठेवला होता. कापणीच्या दिवसांत आईच्या टाचांना भेगा पडतात, तिनं तो सापडला तसा निम्मा किसून तेलात कढवला अन् लावला. मला कळलं तेव्हा मी काहीच बोललो नाही, पण आजीनं रान उठवलं, "देवाच्या मिरवनुकीचं मेन, अन् पायाले लावलं माय तू!" आई म्हणाली, "मले का मालूम, कपाटात होतं ना, देव्हाऱ्यात थोडीच होतं." उरलेला निम्मा गोळा आजीनं देव्हाऱ्यात नेऊन ठेवला, गजानन महाराजांच्या फोटोपाशी. भेगा मात्र भरल्या, आईनं मला मुद्दाम दाखवल्या.

रात्री तीनच्या आसपास नाटक ऐन रंगात, गावच्या पाटलाचा मुलगा बापाला ओळखत नाही असा सीन, ऑर्गनवाला जोरात, समोरच्या बाया पदर डोळ्याला लावून. आजी बसल्या-बसल्या झोपलेली, पण लावणी लागली की जागी होते, तिला बरोबर कळते. माझे गुडघे आखडले होते. चुलतभावाला मी कापाताझची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितलेली, त्यानं डोळा मारला अन् मंडपाच्या बांबूवर मूठ आपटली, ठक, ठक, ठक, अन् आम्ही पाचही जण चवाळ्यासकट एका झटक्यात उभे राहिलो.

मागून लगेच आवाज आला, "बसा ना बे खाली, हिरोइन दिसून नाई राह्यली."